दोन किलोमीटर चाललेली गाडी, आणि आपल्या बार्शीतली पद्मिनी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पेपरात ही बातमी दिली असती तर चार इंच जागा मिळाली असती, त्यातली दोन इंच फोटोला गेली असती. म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात लांबून करतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचं एक गाव आहे. वस्ती अठराशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी ग्रामपंचायत. सप्टेंबर २०१३ मध्ये त्या गावात दोन दिवस दहा हजारांहून जास्त माणसं येऊन थडकली. शेतात पार्किंग, आकाशात हेलिकॉप्टर, टीव्हीवाले हजर. कशासाठी? तर जुन्या गाड्यांच्या लिलावासाठी.

तिथे रे लॅम्ब्रेख्त आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांचं शेवरोलेचं शोरूम होतं. १९४६ ला सुरू झालं, १९९६ ला बंद झालं. पन्नास वर्षं नवरा-बायकोनं दुकान चालवलं. त्यांची धंद्याची रीत वेगळी होती. भाव एकच आणि तो पहिल्यापासून कमी, घासाघीस नाही. पण वर्ष संपलं आणि एखादी नवी गाडी खपली नाही तर ती उतरत्या भावात विकायची नाही, गोदामात ठेवून द्यायची. गिऱ्हाइकानं बदल्यात दिलेली जुनी गाडी आली की तीही ठेवून द्यायची. असं करत करत सुमारे पाचशे गाड्या साठल्या. बऱ्याचशा उघड्यावर, शेतात, मधून झाडं उगवलेली. पण त्यातल्या पन्नासच्या आसपास गाड्या अशा होत्या की त्या कधी विकल्याच गेल्या नव्हत्या. कारखान्यातून आल्या आणि उभ्या राहिल्या.

त्यातली एक १९५८ ची कॅमिओ पिकअप. मीटरवर आकडा १.३ मैल. आपल्या हिशोबात दोन किलोमीटर. आपल्याकडे माणूस सकाळी दूध आणायला जातो, तेवढंच पंचावन्न वर्षांत चाललेली गाडी. लिलाव करणाऱ्यांनी गाड्यांवरची धूळसुद्धा पुसली नाही, कारण घेणाऱ्याला ती धूळच हवी होती. ती पिकअप गेली १ लाख ४० हजार डॉलरला. त्या वेळच्या दरानं पंच्याऐंशी लाख रुपयांच्या वर. ११ मैल चाललेली १९६३ ची इम्पाला ९७ हजार ५०० डॉलरला गेली. सगळा लिलाव मिळून २८ लाख डॉलरच्या घरात.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? सांगतो.

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे एक प्रकरण आलं. आपल्याच गावातलं. नाव आणि गल्ली सांगणार नाही, कमेंटमध्ये ओळखलं तरी लिहू नका, ही हात जोडून विनंती. का, ते पुढे कळेल.

एका जुन्या वाड्यात एक काकू एकट्या राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांचा विद्यार्थी नाही, पण माझी थोरली बहीण होती. त्यांचे मिस्टर डॉक्टर. माझ्या वयाच्या लोकांना त्यांची स्कूटर आठवेल, गल्लीबोळातून व्हिजिटला जाणारी. त्यांच्याकडे एक गाडीही होती, हे मला ठाऊक नव्हतं.

काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, एक माणूस आलाय, गाडी नेतो म्हणतोय. पंचवीस हजार देतो म्हणतोय. देऊ का? तू पत्रकार आहेस, तुला चार लोक माहीत असतात. एकदा बघून जा."

म्हटलं, "काकू, पैसे घेऊ नका आणि कशावर सहीपण करू नका. मी येतो."

वाड्याच्या मागच्या बाजूला, पूर्वी गुरं बांधायचे तिथे, पत्र्याच्या दोन दारांमागं ती उभी होती. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. वर जुन्या सतरंज्या, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पस्तीस वर्षांची धूळ. चारही टायर बसलेले. पाटी एमएच येण्याच्या आधीची. दार उघडलं तर आत जुन्या रेक्झिनचा वास, आणि मागच्या सीटवर कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच. मीटरवर आकडा होता ९,४०६.

आता मी गाड्यांतला जाणकार नाही. सोलापुरात पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आमच्या सरांनी एकच गोष्ट डोक्यात बसवली होती, कागद बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. मीटर हा काही कागद नव्हे. बहुतेक जुन्या मीटरना किलोमीटरचे पाचच आकडे असायचे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून. म्हणजे ९,४०६ चे १,०९,४०६ ही असू शकतात. शिवाय मीटर मागे फिरवणं हा तर जुनाच उद्योग.

म्हणून गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन गेलो. सत्तरीतले आहेत, आयुष्य फियाटखाली झोपून गेलं. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी काय बघितलं माहितेय? पेडल. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. मग ड्रायव्हरचं दार उचलून बघितलं, बिजागरीत खेळ आहे का. नव्हता. मग सीटची ड्रायव्हरकडची कड, स्टिअरिंगवरच्या गिअरची मूठ. शेवटी डिकीतली स्टेपनी. तिच्यावर साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केस अजून होते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही गाडी लाखभर चाललेली असती तर मी मिशा काढीन."

तरी माझं समाधान झालं नाही. तेव्हा काकूंनी आतून एक वही आणली. डॉक्टरांची पेट्रोलची वही. पहिल्या पानापासून तारीख, लिटर, रुपये, मीटर. प्रत्येक वेळी. आणि पुढे बारीक अक्षरात कुठे गेलो ते. सोलापूर. तुळजापूर. पुणे, पेशंट घेऊन. शेवटची नोंद १९९० ची, मीटर ९,३८७.

मी म्हणालो, "काकू, एकोणीस किलोमीटरचा फरक आहे."

काकूंना आठवत होतं. पेट्रोल भरून आले त्याच रात्री जवळच्या एका वाडीला बाळंतपणाची केस होती. जाऊन आले, पहाटे तीन वाजता गाडी आत लावली. पुढच्या आठवड्यात हार्ट ॲटॅकनं गेले. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. काकूंना गाडी येत नव्हती. शेजारच्यांनी दोन-चार वेळा विचारलं, विकायची का म्हणून. त्यांनी सतरंजी टाकली आणि दार लावून घेतलं.

एवढीच ती गोष्ट. अशी गाडी सापडली की पेपरवाले "खजिना सापडला" असं लिहितात. मीही लिहिलं असतं. पण जरा विचार करा, कमी चाललेल्या जुन्या गाडीमागं बहुतेक वेळा एक थांबलेलं घर असतं. कुणी गेलं, कुणी अंथरुणाला खिळलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा परदेशात गेला. गाडी आपोआप नवी राहत नाही. ती चालवणारा उरत नाही, म्हणून ती नवी राहते.

आणि खरं सांगायचं तर ती नवीही राहत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरणही अमेरिकेतलंच. ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १५ जून १९५७ ला टल्सा शहरानं एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी काँक्रीटच्या खड्ड्यात पुरली. पन्नास वर्षांनी काढायची. २००७ साली पेट्रोल मिळतंय की नाही म्हणून आत पेट्रोलचे कॅनही ठेवले. लोकांकडून अंदाज मागवले, २००७ साली शहराची लोकसंख्या किती असेल? ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याला गाडी. १५ जून २००७ ला हजारो लोकांसमोर ती वर काढली. खड्ड्यात पाणी शिरलं होतं. गाडी म्हणजे गंजाचा गोळा. आणि अंदाज जिंकणारा माणूस १९७९ लाच वारला होता. गाडी त्याच्या बहिणींना मिळाली.

दोन्ही गाड्या न चाललेल्याच. एकीला पंच्याऐंशी लाख, दुसरीचा गंज. फरक फक्त पाण्याचा. आपल्याकडे बार्शी भागात पाऊस बेताचा, हवा कोरडी. हीच पद्मिनी कोकणात पस्तीस वर्षं उभी असती तर खालचा पत्रा हातात आला असता. दुष्काळाचा आपल्याला झालेला हा एक फायदा, बाकी तोटेच.

आणि उभ्या गाडीचं आतून काय होतं, तेही मिस्त्रींनी दाखवलं. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक होतो, कार्बोरेटरमध्ये तो घट्ट बसतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, मग आतून गंज. रबराचे पाइप आणि सील कडक होऊन तडकतात. क्लच प्लेट चिकटते. उंदीर वायरी खातात. म्हणून अशी गाडी सापडली की पोरं पहिली बॅटरी आणून चावी फिरवतात, ते सगळ्यात वाईट. आमच्या मिस्त्रींनी प्लग काढले, सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं आणि म्हणाले, आठ दिवसांनी येतो. आठ दिवसांनी पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. फिरलं. तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडावर जे हसू होतं, ते बघायला हवं होतं.

इथे एक गंमत सांगतो, आपल्या भागातल्या लोकांना माहीत असावी अशी. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. ते सोलापूरचे, १८८२ चा जन्म. रेल्वेची ठेकेदारी करून वर आलेला माणूस, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे आपली बार्शी लाइट रेल्वे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. हो, टल्सात पुरली ती प्लिमथच. पुढे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, आणि तिचंच पुढचं नाव प्रीमियर पद्मिनी. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. डॉक्टरही थांबले होते. थांबून मिळालेली गाडी सहा वर्षं चालवली आणि गेले.

त्याच पद्मिनीच्या बहिणी मुंबईत टॅक्सी म्हणून रात्रंदिवस धावल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना ती बंद झाली. ती किती लाख किलोमीटर चालली असेल, देव जाणे. आणि ही ९,४०६. कायद्याच्या दृष्टीनं दोघींचं म्हातारपण एकाच मापानं मोजलं जातं, वर्षांनी. किलोमीटर कुणी विचारत नाही.

आता मुद्द्यावर येतो. यासाठीच ही पोस्ट.

पंचवीस हजारवाला पहिला. त्यानंतर एक भंगारवाला वजनावर न्यायला आला. मग बातमी कुठूनशी फुटली आणि पुण्याहून एक जण आला, चांगल्या गाडीतून, इंग्रजी बोलणारा. त्यानं वही बघितली आणि आकडा तीन लाखांच्या घरात नेला. पण अट काय? गाडी सुरू करायची नाही, धुवायची नाही, वही सोबत द्यायची. आणखी एक जण आला, तो मीटर बघून हसला. म्हणाला, "वही कशाला लागतीय, नऊ हजाराचे नऊशे करून देतो की." म्हणजे खऱ्या आकड्याचीही किंमत नाही, कारण खोटा आकडा पाच मिनिटांत बनतो.

हा फक्त आपला रोग नाही. अमेरिकेत मीटर मागे फिरवणं १९७२ पासून केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज असा की वर्षाला साडेचार लाखांवर गाड्या खोट्या मीटरनं विकल्या जातात. डिजिटल मीटर आला म्हणून फसवणूक थांबली नाही, उलट पाना-स्क्रू ड्रायव्हरऐवजी लॅपटॉप आला.

पण आपल्या काकूंची अडचण मीटरची नव्हतीच. कागद मागितले तेव्हा कळलं, आरसी बुक अजून डॉक्टरांच्या नावावर. माणूस जाऊन पस्तीस वर्षं झाली. नियम काय? मालक गेला की वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. घरातला कर्ता गेलाय, अकरा वर्षांचं पोरगं समोर आहे, अशा बाईला तेव्हा फॉर्म ३१ कोण सांगणार? कुणी सांगितलं नाही.

म्हणजे तो पंचवीस हजारवाला जी गाडी नेणार होता, ती विकायचा काकूंना कागदोपत्री अधिकारच अजून झालेला नव्हता. तो घेऊन गेला असता आणि उद्या कुठे काही झालं असतं, तर पोलीस कुणाच्या दारात आले असते? आरसीवरच्या पत्त्यावर. काकूंच्या. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यांच्या नावाला बट्टा लागला असता रे."

दुसरं, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे १९९९ ला संपली. नव्यानं करायची तर फिटनेस, पर्यावरण कर, उशिराचा दंड. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालीय, आधी पाच होती.

तिसरं, लोक म्हणतात व्हिंटेजमध्ये टाका. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं त्याचे नियम काढले. वीस हजार फी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, दहा वर्षांची नोंदणी. पण गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी. आपली पद्मिनी १९८४ ची. २०३४ पर्यंत थांबा. म्हणजे ती रोजच्या गाडीत बसत नाही आणि व्हिंटेजमध्येही बसत नाही. मधल्या मधे लटकलेली. तालुक्याच्या गावात अशा किती गाड्या, किती स्कूटर, किती राजदूत लटकलेल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

नियम चुकीचेच आहेत असं मी म्हणणार नाही. वयाचा विचार करावा लागतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाला आजच्यासारखी धूर गाळायची सोय नाही. आणि वर सांगितलंच, उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची असू शकते, बाहेरून चकचकीत आणि ब्रेकच्या पाइपला तडा. नुसते किलोमीटर कमी म्हणून तिला माफी द्या, हे म्हणणं बरोबर नाही. पण मग तपासणी गाडीची व्हावी. वर्षाला चार-पाचशे किलोमीटर चालणारी म्हाताऱ्या मास्तरांची गाडी आणि महिन्याला तेवढे शंभर वेळा पळणारी गाडी, दोघींना फी सारखीच का? जो जास्त चालवतो त्यानं जास्त भरावं, एवढा साधा हिशोब. आणि मृताच्या नावावरची वाहनं वारसांच्या नावावर करायला तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस शिबिर ठेवायला काय हरकत आहे? सातबाऱ्याच्या वारसनोंदीसाठी गावात शिबिरं होतात, गाडीसाठी का नाही? मी हे निवेदन लेखी दिलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.

आता काकूंनी काय ठरवलं ते सांगतो.

पुण्याच्या माणसाची अट मी त्यांना समजावून सांगितली. की काकू, न चालवलेली गाडी म्हणूनच तिला भाव आहे. जितकी चालेल तितका भाव उतरणार. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्याकडे जाऊन ती अजून चाळीस वर्षं उभीच राहणार?"

म्हटलं, "तसंच म्हणा."

"मग ती इथे काय वाईट होती?"

मुलाशी बोलणं झालं. तो पुण्यात असतो, चांगला माणूस आहे. त्याचं म्हणणं विकून टाक, तीन लाख काही कमी नाहीत, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला येतील. त्याचंही चूक नाही. काकूंनी त्याला सांगितलं, आधी माझ्या नावावर होऊ दे. मग मी ठरवीन. पस्तीस वर्षांत या गाडीबद्दल मला कुणी काही विचारलं नाही, आता सगळ्यांना घाई आहे.

यावर तो काही बोलला नाही. मीही नाही.

सध्या फॉर्म ३१ ची तयारी चालू आहे. डॉक्टरांच्या मृत्यूचा दाखला नगरपालिकेतून काढलाय, मुलाचं ना हरकत पत्र झालंय. मिस्त्री दर रविवारी येऊन इंजिन हातानं फिरवून जातात, पैसे घेत नाहीत, चहा घेतात. गाडी अजून सुरू केलेली नाही. मीटर ९,४०६ वरच आहे. पुढे विकतील, ठेवतील, की तुळजापूरला एक फेरी मारून आणतील, ते त्या ठरवतील. आपण मधे बोलायचं कारण नाही.

पण तुमच्यासाठी चार गोष्टी. सेव्ह करून ठेवा, घरच्या ग्रुपवर टाका.

एक. घरात, शेतातल्या शेडमध्ये, मामाच्या गोदामात जुनी गाडी उभी असेल तर आज आरसी बुक शोधा. नाव कुणाचं आहे बघा. माणूस हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर करा, मग पुढचं.

दोन. बिल, सर्व्हिस बुक, विम्याच्या पावत्या, पेट्रोलची वही, काहीही फेकू नका. मीटर खोटा होऊ शकतो, पण सहा वर्षं एका हातानं रोज लिहिलेली वही खोटी करणं अवघड. त्या घरात तीन लाखांतले दोन-अडीच लाख त्या वहीचेच होते.

तीन. भंगारातच द्यायची असेल तर २०२१ च्या नियमानुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली की पत्रा जातो, पण कागदावर गाडी तुमच्याच नावावर जिवंत राहते.

चार. स्वतः "कमी चाललेली" गाडी विकत घेत असाल तर मीटरकडे शेवटी बघा. आधी पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी, सीटची कड. टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वीस हजार चाललेली गाडी सांगतात आणि चारही टायर दुसरेच असतील तर विचारा, का बदलले? बोलणारा अडखळला की उठा.

आणि एक शेवटचं. तुमच्या ओळखीत अशी एकटी राहणारी काकू, आजी, मावशी असेल आणि कुणी "गाडी नेतो, रोख देतो" म्हणत दारात आला असेल, तर त्यांना एवढंच सांगा की उद्या या. एक दिवस मिळाला की चार माणसांना विचारता येतं. आरटीओचा अर्ज कसा भरायचा हे कळत नसेल तर मला मेसेज करा, मी आणि आपल्या ग्रुपमधले दोन वकील मित्र बसून भरून देऊ. फी लागणार नाही. चहा मात्र लागेल.